‘सुरक्षित’ आणि ‘वास्तव्ययोग्य’ : जोखीम-मूल्यमापनाच्या परिभाषेची चिकित्सा

१

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ साली प्रसिद्ध केलेला आणि वेष्टनाच्या रंगावरून ‘रेड बुक’ ह्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आरोग्यविषयक जोखमीच्या आधुनिक विचाराचा मूलग्रंथ मानला जातो. दोनशे पृष्ठांच्या आतल्या ह्या छोट्या पुस्तकाने घालून दिलेली चौकट पुढे अनेक देशांच्या शासनसंस्थांनी स्वीकारली. घातक कचऱ्याच्या जागांभोवती राहणाऱ्या माणसांचे काय होईल, हे ठरविण्याची रीत आज बहुतेक ठिकाणी ह्याच चौकटीतून निघालेली आहे.

ग्रंथाचा मुख्य विचार साधा आहे. जोखमीचे मूल्यमापन हे एक कार्य आणि तिचे व्यवस्थापन हे दुसरे. पहिले कार्य शास्त्रज्ञाचे, दुसरे शासनकर्त्याचे. पहिल्या कार्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. एखादे द्रव्य अपायकारक आहे की नाही, हे प्रथम ओळखावयाचे. किती मात्रेला किती अपाय होतो, हे नंतर ठरवावयाचे. प्रत्यक्षात माणसांचा त्या द्रव्याशी किती संपर्क येतो, हे मोजावयाचे. आणि अखेरीस ह्या तिन्हींची सांगड घालून जोखमीचे स्वरूप शब्दांत व आकड्यांत मांडावयाचे. ह्या चौथ्या पायरीला येथे ‘स्वरूपवर्णन’ असे म्हटले आहे. ते हाती आल्यावर शासनाने खर्च, कायदा, लोकमत व तांत्रिक शक्यता ह्यांचा विचार करून काय करावयाचे ते ठरवावे, अशी ही व्यवस्था आहे.

ह्या विभागणीमागील हेतू स्तुत्य होता, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. सत्ताधाऱ्यांच्या सोयीप्रमाणे शास्त्राचे निष्कर्ष वाकविले जाऊ नयेत, अशी चिंता तिच्या मुळाशी होती. समितीने विवेकही सोडलेला नाही. दोन कार्यांमधील भेद विचारात स्पष्ट ठेवावा, परंतु त्यांसाठी सक्तीने दोन निराळ्या संस्था उभाराव्यात असे नाही, असे तिचे मत होते. ज्ञानात जेथे पोकळी असते तेथे शास्त्रज्ञाला अनेक संभाव्य अनुमानांपैकी एकाची निवड करावी लागते आणि त्या निवडीत धोरणाचा अंश असतो, हेही तिने लपविले नाही.

उणीव आहे ती चौथ्या पायरीत. तिचे विवेचन ग्रंथात त्रोटक आहे, आणि तिला नव्या शास्त्रीय ज्ञानाची अथवा संकल्पनांची गरज नाही, असा ग्रंथाचा अभिप्राय आहे. शास्त्रीय ज्ञानापुरते हे खरेही असेल. परंतु पहिल्या तीन पायऱ्यांवर जे आकड्यांत होते ते चौथ्या पायरीवर शब्दांत उतरते. आणि हे अवतरण निर्विकार नसते. आकडा शब्द होतो त्या क्षणीच पुष्कळदा निर्णय होऊन जातो. तो निर्णय झाल्याची नोंद मात्र कोठेच होत नाही, कारण चौकटीप्रमाणे निर्णयाचे दालन अजून पुढे असते. प्रस्तुत चिकित्सेचा विषय हाच आहे.

२

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ साली परित्यक्त कचरास्थळांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात ‘रेड बुक’ची चौकट प्रत्यक्ष गणितात उतरलेली दिसते. विहिरीच्या पाण्याचे उदाहरण घेतल्यास गणित असे : पाण्यातील द्रव्याच्या प्रमाणाला रोज प्यावयाच्या पाण्याने, वर्षातील दिवसांनी आणि वास्तव्याच्या वर्षांनी गुणावयाचे, नंतर शरीराच्या वजनाने व सरासरीच्या कालावधीने भागावयाचे. प्रौढ माणसासाठी त्या काळी धरलेली मूल्ये ७० किलो वजन, रोज २ लिटर पाणी, वर्षाचे ३५० दिवस आणि वास्तव्याची ३० वर्षे अशी होती. २०१४ साली ती सुधारून वजन ८० किलो, पाणी अडीच लिटर आणि वास्तव्य २६ वर्षे असे करण्यात आले. लहान मुलांसाठी निराळी मूल्ये धरली जातात.

ह्या गणिताचा कर्ता कोण, असा व्याकरणाचा प्रश्न येथे विचारता येतो. परिभाषेत त्याला ‘ग्राहक’ अशा अर्थाचा शब्द आहे. पाणी पिणारा मनुष्य येथे पिण्याच्या क्रियेचा कर्ता उरत नाही. द्रव्य ज्याच्यापर्यंत पोहोचते असे ते एक स्थान होते. हा ७० वा ८० किलोंचा ग्राहक कोणत्याही वस्तीत राहत नाही. तो सरासरीतून जन्मलेला आहे. मे महिन्यात उन्हात अंगमेहनत करणारा मजूर दोन लिटर पाण्यावर भागवीत नाही आणि त्याचे वजनही बहुधा ७० किलो नसते. गणिताला असा कल्पित पुरुष लागतोच. त्याविना ते होणार नाही. तथापि निष्कर्ष ज्याच्याविषयी निघाला तो हा कल्पित पुरुष होय, हे निष्कर्षाच्या वाक्यात उरले पाहिजे.

प्रत्यक्षात ते उरत नाही, आणि ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘संदर्भ-मात्रा’ ह्या संज्ञेचे आहे. कर्करोगाखेरीज इतर अपायांसाठी ही मात्रा ठरवितात. तिची रूढ व्याख्या पाहिली असता असे दिसते की, ती एक अंदाज आहे. त्या अंदाजात कदाचित दसपटीपर्यंतची अनिश्चितता आहे. आणि तेवढी मात्रा जन्मभर रोज पोटात गेली तरी, नाजूक प्रकृतीच्या गटांसह माणसांना, जाणवण्याजोगी जोखीम बहुधा संभवत नाही. एका वाक्यात ‘अंदाज’, ‘कदाचित’, ‘बहुधा’ आणि ‘जाणवण्याजोगी’ अशी चार मर्यादादर्शक पदे आली आहेत. व्याख्या लिहिणाराने प्रामाणिकपणाची शर्थ केली आहे, असेच म्हणावे लागेल. परंतु प्रत्यक्ष मात्रेला ह्या संदर्भ-मात्रेने भागून उत्तर १ पेक्षा कमी आले, की अहवालाच्या सारांशात वाक्य येते : ‘जोखीम नाही.’ संकेतार्थातील वाक्य निश्चयार्थात गेले. चारही पदे गळून पडली, आणि ती कोणी गाळली हे कोणासच सांगता येत नाही.

कर्करोगाच्या बाबतीत १९९० च्या राष्ट्रीय नियमावलीने दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक एवढी अधिक जोखीम ‘स्वीकार्य’ पातळीची धरली. ह्या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. एक हजार लोकांच्या वस्तीला दहा हजारांत एक ही जोखीम लावली, तर संपूर्ण आयुर्मानात एक-दशांश रुग्ण वाढेल असे उत्तर येते. एक-दशांश रुग्ण कोणत्याही रुग्णालयात मोजता येत नाही. म्हणजे हा आकडा मोजलेला नसून काढलेला आहे, आणि तोही उच्चतम मर्यादेचा अंदाज म्हणून. उलट वस्तीतील लोक जे सांगतात ते मोजलेले असते : अमक्या आळीत इतके गर्भपात, तमक्या घरात इतकी आजारी मुले. ही दोन निरनिराळ्या जातींची विधाने आहेत. एक अनुमानाचे, दुसरे प्रत्यक्षाचे. दुसरे विधान शास्त्रीय कसोटीला उतरेलच असे नाही, कारण लहान वस्तीत योगायोगही मोठा दिसतो. परंतु पहिले विधान दुसऱ्याचे खंडन करू शकत नाही, एवढे मात्र निश्चित. ती एकमेकांना छेदतच नाहीत.

३

ह्या विवेचनाची कसोटी पाहावयाची तर न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स नगरातील लव्ह कॅनॉल ह्या वस्तीकडे वळले पाहिजे. ‘रेड बुक’च्या पूर्वी सुरू झालेले हे प्रकरण त्याच्यानंतर पाच वर्षांनी एका शब्दावर येऊन ठेपले.

विलियम लव्ह नावाच्या उद्योजकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोदावयास घेतलेला हा कालवा अपुराच राहिला. १९४२ पासून सुमारे दहा वर्षे हूकर केमिकल कंपनीने त्यात रासायनिक कचरा टाकला. त्याचे वजन २१ हजार टनांच्या आसपास होते. १९५३ साली ही जागा एक डॉलर किमतीला नगराच्या शिक्षण मंडळाला देण्यात आली. खरेदीखतात, जमिनीखाली रासायनिक कचरा पुरला आहे आणि त्यामुळे इजा वा मृत्यू झाल्यास कंपनीवर दावा चालणार नाही, अशा आशयाचे कलम होते. जोखमीचे हे पहिले ‘व्यवस्थापन’ म्हणावयास हरकत नाही : ते एका वाक्याने केले गेले आणि त्या वाक्याने कचऱ्याऐवजी केवळ उत्तरदायित्व हलविले. त्या जागेवर शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली.

ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद करावी आणि कालव्यालगतच्या घरांतील गर्भवती स्त्रिया व दोन वर्षांखालील मुले ह्यांनी जागा सोडावी, असे सांगितले. काही दिवसांतच कालव्याला लागून असलेल्या पहिल्या दोन रांगांतील सुमारे २३९ कुटुंबांना हलविण्याचे ठरले. त्यापलीकडील कुटुंबांना मात्र विशेष जोखीम नसल्याचे सांगण्यात आले. सीमारेषा रस्त्यावरून आखली गेली होती.

लोइस गिब्ज ह्या गृहिणीने रहिवाशांच्या संघटनेचे नेतृत्व केले. तिने आणि तिच्या शेजारणींनी घरोघर फिरून आजारांची नोंद केली. बेव्हर्ली पेगन ह्या शास्त्रज्ञ बाईंनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा आजार रस्त्यांच्या रेषेत नसून पूर्वी बुजविलेल्या ओहोळांच्या मार्गांवर एकवटल्याचे त्यांना आढळले. पाणी रस्ता पाहून वाहत नाही, जुना उतार पाहून वाहते. राज्याच्या अधिकाऱ्यांनी प्रथम ही माहिती गृहिणींची म्हणून निरुपयोगी ठरविली. येथे मूल्यमापनाच्या तिसऱ्या पायरीवरची, म्हणजे संपर्काची, एक महत्त्वाची कल्पना रहिवाशांकडून आली होती, हे विसरता येणार नाही. फेब्रुवारी १९७९ मध्ये राज्याने सीमेपलीकडील गर्भवती स्त्रिया व दोन वर्षांखालील मुले ह्यांनाही तात्पुरते हलविण्याची शिफारस केली. त्यावर रहिवाशांनी विचारलेला प्रश्न सरळ होता : दोन वर्षांच्या मुलाला जे घर अपायकारक, ते तीन वर्षांच्या मुलाला निरपाय कसे? मे १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला परित्यक्त कचरास्थळांच्या शुद्धीकरणाचा, ‘सुपरफंड’ नावाने प्रसिद्ध असलेला कायदा झाला.

आता त्या शब्दाकडे येता येईल. रिकाम्या झालेल्या घरांत पुन्हा वस्ती करावी काय, ह्याचा निर्णय १९८८ साली आरोग्य आयुक्त डेव्हिड ॲक्सलरॉड ह्यांनी दिला. त्यासाठी आणीबाणीच्या क्षेत्राचे सात विभाग केले होते. चार विभाग वास्तव्ययोग्य ठरले, तीन ठरले नाहीत. ‘सुरक्षित’ हा शब्द निर्णयाने टाळला. विभागांची तुलना कचरास्थळापासून दूर असलेल्या त्याच परिसरातील वस्त्यांशी केली होती. तेव्हा ‘वास्तव्ययोग्य’ ह्याचा अर्थ ‘त्या वस्त्यांइतपत राहण्याजोगे’ एवढाच होता. रासायनिक कारखान्यांच्या नगरातील वस्ती ही तुलनेची मोजपट्टी होती.

शास्त्रीय दृष्टीने हे सचोटीचे होते, कारण ‘सुरक्षित’ म्हणण्याइतका पुरावा नव्हता. परंतु घर घेण्यास येणाऱ्या कुटुंबाला ‘वास्तव्ययोग्य’ हा शब्द ‘सुरक्षित’ असाच ऐकू येतो. तुलनेचे पद त्यात उच्चारलेलेच नसते. पुढे दोनशेहून अधिक घरे दुरुस्त करून विकली गेली, वस्तीचे नावही बदलून ब्लॅक क्रीक व्हिलेज असे झाले, आणि २००४ साली हे स्थळ राष्ट्रीय प्राधान्ययादीतून वगळण्यात आले. पुरलेला कचरा आच्छादनाखाली जागच्या जागीच आहे.

४

‘वास्तव्ययोग्य’ आणि ‘स्वीकार्य’ ह्या दोन्ही शब्दांच्या घडणीत एक साम्य आहे. इंग्रजीतील मूळ शब्दांचा प्रत्यय एकच आहे. मराठीत त्याचे काम संस्कृतातील कृत्य प्रत्ययांनी सिद्ध होणारे शब्द करतात. कृत्य प्रत्ययांचे दोन गुण येथे लक्षात घ्यावयाचे. एक, ते कर्मणी वा भावे लागतात; कर्त्याचा उल्लेख न करता वाक्य पुरे होते. ‘ही पातळी स्वीकार्य आहे’ असे म्हटले असता कोणाला स्वीकार्य, हा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने उद्भवतच नाही. दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. हे प्रत्यय शक्यता, योग्यता आणि विधी असे तिन्ही अर्थ वाहतात. ‘स्वीकार्य’ म्हणजे स्वीकारता येण्याजोगे, स्वीकारण्यास योग्य, आणि स्वीकारावे असेही. वस्तुस्थितीचे विधान आणि आज्ञा एकाच पदात नांदतात. ‘रेड बुक’ला ज्या दोन दालनांत भिंत घालावयाची होती, ती भिंत ह्या एका प्रत्ययात विरघळून जाते.

भारतातील सर्वांत दुःखद उदाहरण भोपाळचे आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झालेल्या वायुगळतीची स्मृती सर्वांना आहे. कारखान्याच्या आवारात व बाहेरच्या तळ्यांत साचलेल्या कचऱ्याचा प्रश्न त्याहून निराळा व दीर्घकालीन आहे. भोवतालच्या वस्त्यांतील भूजल दूषित झाल्यामुळे तेथे शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. सप्टेंबर २००९ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी आवारातील कचरा हातात घेऊन, आपण अजून जिवंत आहोत व खोकतही नाही, असे म्हटले होते. ह्या उद्गाराचे विश्लेषण कठीण नाही. क्षणिक स्पर्शाच्या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे पाणी पिण्याच्या प्रश्नाला दिले गेले. बोलणाराने आकडा कोठेच वापरला नाही, तरी चौथी पायरी मात्र उरकून घेतली.

२०११ साली हा कचरा नागपूरजवळील बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा विचार पुढे आला होता. महाराष्ट्रातून विरोध झाल्यावर तो मागे पडला. अखेर उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर, जानेवारी २०२५ च्या प्रारंभी सुमारे ३३७ टन कचरा १२ पेट्यांतून पिथमपूरला नेण्यात आला. तेथे तीव्र निदर्शने झाली. त्यानंतर प्रत्येकी १० टनांच्या तीन चाचण्या घेण्यात आल्या आणि जूनअखेर उरलेला कचरा जाळून झाला. उत्सर्जन निर्धारित मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. ते तसेच धरले तरी, ‘मर्यादेत’ हे उत्तर धुराड्यापुरते होते. राख कोठे जाणार, तिच्याखालचे पाणी कोण तपासणार व किती वर्षे, हे पिथमपूरच्या लोकांचे प्रश्न होते. शिवाय राष्ट्रीय संस्थांच्या २०१० च्या अहवालात भोपाळ येथील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा आहे. ३३७ टनांना ‘भोपाळचा कचरा’ असे नाव दिल्याने तो जळताच प्रश्न संपल्याचा भास होतो. कोणत्या वस्तूला नाव द्यावयाचे, हाही जोखमीच्या स्वरूपवर्णनाचाच भाग आहे.

५

ह्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकेल. शब्दांच्या निवडीत रहिवाशांना स्थान दिले, तर भीती शास्त्रावर मात करील आणि प्रत्येक जागा अपायकारकच ठरेल. आक्षेपात तथ्य आहे. मे १९८० मध्ये लव्ह कॅनॉलच्या ३६ रहिवाशांच्या गुणसूत्रांची जी पाहणी जाहीर झाली, तिच्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तिच्यावर झालेली टीका न्याय्य होती, आणि तरीही तिने वस्तीत घबराट उडविली. मोजणी मतदानाने होत नाही. परंतु येथे केलेली मागणी मोजणीत वाटा मिळावा अशी नाही. कोणता प्रश्न विचारावयाचा आणि उत्तराला कोणता शब्द द्यावयाचा, ह्या दोन ठिकाणी ज्याच्या अंगावर जोखीम येते त्याचा अधिकार आहे, एवढीच ती आहे.

स्वतः राष्ट्रीय संशोधन परिषदेलाही हे उमगले. १९९६ साली तिच्याच एका समितीने ‘अंडरस्टँडिंग रिस्क’ ह्या ग्रंथात स्वरूपवर्णनाची कल्पना बदलली. विश्लेषण संपल्यावर त्याचा गोषवारा लिहिणे म्हणजे स्वरूपवर्णन नव्हे. विश्लेषण आणि संबंधितांशी विचारविनिमय ही दोन्ही आरंभापासून एकमेकांना धरून चालली पाहिजेत, असे तिने प्रतिपादिले. १९८३ च्या चौकटीवरील ही सर्वांत अधिकारयुक्त टीका होय. तथापि कचेऱ्यांतून चालणारे व्यवहार अजूनही बरेचसे पहिल्याच ग्रंथाच्या वळणाचे आहेत, आणि भाषेचा प्रश्न तर दुसऱ्या ग्रंथानेही ‘संवाद’ ह्या सामान्य सदरात ठेवला आहे.

मराठीपुरता हा प्रश्न आणखी एका कारणाने निकडीचा आहे. तळोजे, महापे, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची केंद्रे आहेत, आणि दूषित स्थळांसंबंधीचे केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये निघाले आहेत. ह्यापुढे असे अहवाल मराठीत अधिकाधिक लिहावे लागतील व वाचून दाखवावे लागतील. त्यांतील पहिला शब्दच विचार करावयास लावणारा आहे. ‘जोखीम’ हा शब्द मराठीत व्यापाराच्या व मौल्यवान वस्तूंच्या संगतीत वाढला. ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणजे दागिने आहेत. जोखीम घेतात, उचलतात, पत्करतात. म्हणजे तिच्यामागे कर्त्याची संमती आणि लाभाची आशा गृहीत असते. ‘धोका’ मात्र असतो, होतो, पोहोचतो; शिवाय तो दिला जातो, आणि तेव्हा त्याचा अर्थ फसवणूक असा होतो. कचरास्थळाशेजारच्या माणसाने काहीही पत्करलेले नसते. त्याला ‘तुमची जोखीम अल्प आहे’ असे सांगणे म्हणजे त्याने कधी न केलेल्या सौद्याचा हिशेब त्याच्यापुढे ठेवणे होय. तो उत्तरात ‘धोका’ हा शब्द वापरतो, तेव्हा त्याचे दोन्ही अर्थ त्याला अभिप्रेत असतात. परिभाषाकाराने ‘जोखीम’ हीच संज्ञा ठेवावी, कारण तिच्याशिवाय गणित सांगता येणार नाही. परंतु ती पत्करली कोणी, हे तिच्या पहिल्याच वापरात लिहावे.

अशा अहवालांकडून तीन गोष्टींची अपेक्षा रास्त ठरेल. मूळ निष्कर्षात असलेली ‘कदाचित’ व ‘बहुधा’ ही पदे सारांशात कायम राहावीत. ‘सुरक्षित’, ‘स्वीकार्य’, ‘वास्तव्ययोग्य’ अशा प्रत्येक विशेषणापुढे कोणाला, कशाच्या तुलनेत आणि किती काळ, हे तीन तपशील त्याच वाक्यात यावेत. आणि जो शब्द अखेरीस ठरेल तो कोणी ठरविला, त्याचे नाव अहवालात असावे. ह्यांपैकी एकाही अपेक्षेसाठी नवे यंत्र वा नवी प्रयोगशाळा लागत नाही. ‘रेड बुक’ने चौथ्या पायरीला नवे ज्ञान लागत नाही असे म्हटले, ते ह्या अर्थाने खरे आहे, तिला लागते ती केवळ वाक्य पुरे करण्याची तयारी.